अणुघड्याळाच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

भुसावळला रेल्वेत चौतीस वर्षे नोकरी केल्यामुळे अचूक वेळेची ओढ माझ्या अंगात भिनलेली आहे, आणि नेमकी तीच ओळखून एका विक्रेत्याने मला १४,५०० रुपयांना फसविले. गेल्या दिवाळीआधी जळगावच्या एका प्रदर्शनात त्याने 'घरगुती अणुघड्याळ' मांडले होते. आत सिझियम हा खऱ्या अणुघड्याळात वापरला जाणारा धातू आहे, दिल्लीहून लहरींद्वारे वेळ येते आणि लाखो वर्षांत सेकंदाचाही फरक पडत नाही, असे तो छातीठोकपणे सांगत होता. मी पक्के बिल मागितले, तेव्हा त्याने कच्ची पावती पुढे केली आणि मी ती मुकाट्याने घेतली.

त्याच्या सांगण्यावरून आठ रात्री घड्याळ उत्तरेकडील खिडकीत ठेवले. पडद्यावरील मनोऱ्याचे चिन्ह रात्रभर लुकलुके आणि पहाटे विझून जाई. पंधरवड्यानंतर मोबाइलशी ताडून पाहिले, तर सात सेकंदांचा फरक पडलेला होता. फोनवर त्याने "साहेब, तुमच्याकडे केळीच्या बागा फार, ओलाव्याने लहरी अडतात," असे कारण दिले व जादा ॲंटेनासाठी २,२०० रुपये मागितले. मी तेही पाठविले. आले ते साध्या तारेचे वेटोळे.

अखेर पुतण्याने मागचे झाकण उघडले. आत दोन पेन्सिल सेल, क्वार्ट्झचा स्फटिक आणि बोटाएवढी काळी फेराइटची कांडी, म्हणजे लहरी टिपणारा ॲंटेना, होती, तिच्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. सिझियमचा मागमूसही नव्हता. "काका, हे बटण दाबून बघा," असे तो म्हणाला, तेव्हा एकामागून एक चारच कालविभाग आले आणि चारही अमेरिकेचे! ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढची आपली प्रमाणवेळ त्यात बसणारच नव्हती.

अशी घड्याळे मुळात खोटी नसतात, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. खरे अणुघड्याळ दूरच्या केंद्रात असते; घरातले यंत्र म्हणजे तिथून येणारी वेळ टिपून स्वतःला दुरुस्त करणारे साधे क्वार्ट्झ घड्याळ. माझे घड्याळ कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथून ६० किलोहर्ट्झवर निघणाऱ्या लहरींसाठी बनविलेले होते, आणि ते ठिकाण भुसावळपासून सुमारे १३,००० किलोमीटर दूर आहे. जर्मनी, ब्रिटन व जपानमध्येही अशी सेवा आहे, भारतात नाही. त्यामुळे खिडकी बदलून किंवा ॲंटेना लावून काहीही साधणार नव्हते. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सिझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर केली जाते, आणि भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळांवर राखली जाते, एवढाच त्या विक्रेत्याच्या सिझियम-दिल्लीच्या बोलण्यात खऱ्याचा अंश होता. त्याच खऱ्याच्या आडून त्याने खोटे विकले. घरी अचूक वेळ हवी असल्यास इंटरनेटवरून जुळणारा मोबाइल किंवा संगणक पुरतो, आणि भिंतीवर घड्याळच हवे असेल तर जीपीएस उपग्रहांवरून वेळ घेणारे मिळते. कोणी 'अणुघड्याळ' दाखविले, तर त्याला वेळ कोणत्या केंद्रातून मिळते आणि भारतीय प्रमाणवेळ लावता येते का, हे पैसे देण्याआधी विचारावे, आणि पक्क्या बिलाशिवाय वस्तू उचलू नये.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदविली. कच्च्या पावतीवर दुकानाचा पत्ताच नसल्याने ॲंटेनाच्या २,२०० रुपयांची मोबाइलवरील नोंद हाच माझ्याकडचा एकमेव धड पुरावा उरला आहे, आणि तक्रारीसोबत मी तोच जोडला आहे.