पितळी पत्रा घरी नरम करायचाय: टॉर्च, शेगडी की विजेची भट्टी?

मठारकाम, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचं हातोडीच्या ठोक्यांचं काम, शिकायला लागलं की हा प्रश्न लवकरच येतो. हातोडी पडत गेली की पितळ कडक होतं, ठोक्याचा आवाज टणत्कारी होतो आणि तरीही ठोकत राहिलं तर काठाला चीर जाते. ताव देऊन ते पुन्हा नरम करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत भट्टी हाताशी असते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं काय करावं?

कशानंही तापवा, गाठायचे असतात साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअस. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं पितळ ९१५ अंशांच्या आसपास वितळू लागतं, पण त्याच्या बरंच आधी आतला दाणा (धातूचे बारीक स्फटिक) वाढतो आणि पुढच्या ठोक्यांना पत्रा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. पांढरा धूर आला तर जस्त जळतंय. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

तळहाताएवढ्या वाटीला गॅसचा टॉर्च पुरतो. वाटी अग्निविटेवर ठेवायची, खोलीतला दिवा मालवायचा आणि ज्योत सतत फिरवत राहायची. अंधारात जेमतेम लाली दिसली की बास. भर दुपारी उन्हात हे करू नका. लाली डोळ्यांना दिसेपर्यंत पत्रा फार पुढे गेलेला असतो. माझी पहिली वाटी अशीच गेली. पत्रा मोठा असला की मात्र एक बाजू तापेपर्यंत दुसरी निवते.

मोठ्या ताटाला कोळशाची शेगडी बरी, स्वस्तही. पण भाता किंवा ब्लोअर जोरात चालवला तर निखाऱ्यांचा मध्य पितळ वितळवण्याइतका तापतो. शिवाय ती उघड्यावरच हवी; बंद बाल्कनीत कार्बन मोनॉक्साईड साठतो.

विजेची भट्टी महाग, पण आकडा लावला की तेवढंच तापमान, सगळीकडे सारखं. तिचा खरा उपयोग मला शेवटच्या टप्प्यावर वाटतो. ठोकून झालेल्या भांड्यात ताण अडकलेला असतो. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. कारण होतं घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातूतला हाच ताण. हा उलगडा १९२१ साली झाला. २५० ते ३०० अंशांवर तासभर ठेवलं की भांड्याचा कडकपणा राहतो, ताण बराचसा निघून जातो. टॉर्चनं हे जमत नाही, कारण या तापमानाला लाली नसते आणि डोळ्यांना अंदाज येत नाही.

महिन्याला दोन-चार वाट्या करणाऱ्यानं भट्टीच्या भानगडीत पडू नये. गॅसचा टॉर्च, दोन अग्निविटा, सांडशी आणि पाण्याची बादली एवढं पुरे. पाण्यात बुडवल्यानं पितळ पोलादासारखं कडक होत नाही. फक्त लाली जाईपर्यंत थांबा. वरची काळी पापडी चिंचेच्या कोळानं निघते. भंगारातलं पितळ मात्र यापैकी कशावरही तापवताना जपून. त्यात शिसं असलं तर गरम असतानाच तडकतं.