सहा बुधवार, अडीचशे रुपये आणि ‘वरील गोष्टी’

भस्म बुधवारनंतरच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू झाल्यानंतरच्या सहा बुधवारी कोल्हापुरातील एका ख्रिस्ती मंडळीने बायबल-अभ्यासाचा वर्ग चालवला. वेळ संध्याकाळी साडेसहा ते आठ. वर्गणी चहा आणि पुस्तिका धरून 250 रुपये. विषय होता बायबलच्या नव्या करारातील कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा आरंभ, म्हणजे पृथ्वीवरील गोष्टींऐवजी वरील गोष्टींकडे मन लावण्याची प्रेषित पौलाची आज्ञा. लेकीच्या लग्नासाठी गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, कोल्हापुरी साज घडवायला टाकून मी त्याच आठवड्यात वर्गाला नाव दिले, त्यामुळे दागिन्यांवरून बोलणी खावी लागणार, अशी मनाची तयारी करूनच गेले होते.

तसे काही झाले नाही. शिकवणाऱ्या पाळकसाहेबांनी पहिले दोन बुधवार आम्हाला तिसऱ्या अध्यायात शिरूच दिले नाही. याला हात लावू नका, ते चाखू नका, असे नियम घालणाऱ्यांना पौलाने दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी खोडून काढले आहे आणि वरील गोष्टींविषयीची आज्ञा त्याला लागूनच येते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवले. पुढे ज्या पार्थिव गोष्टी जिवे मारायला सांगितल्या आहेत, त्यांत जारकर्म आणि वासना आहेत, लोभ आहे आणि त्या लोभाला पौल थेट मूर्तिपूजा म्हणतो. लगोलग राग, निंदा आणि लबाडीही येतात. त्याउलट अंगावर घ्यायची ती करुणा, नम्रता, सौम्यता आणि सहनशीलता. अध्यायाचा शेवट तर नवरा-बायको, आईबाप आणि मुले यांच्या वागण्यावर येतो. मी लहानपणापासून हा अध्याय ऐकत आले, पण स्वर्गाकडे लावलेले मन स्वयंपाकघरातल्या बोलण्यावरून ओळखायचे असते, हे मला पन्नाशीत प्रथमच कोणी इतके सरळ वाचून दाखवले.

चौथा बुधवार सर्वांत सरस झाला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू पृथ्वीवर साठवलेल्या संपत्तीचे तीन शत्रू सांगतो: कसर, जंग आणि चोर. त्या काळी भारी वस्त्रे हीसुद्धा ठेव असे, म्हणून कसर पहिली. चोरांसाठी मूळ ग्रीकमध्ये भिंत खणून आत शिरण्याचे क्रियापद आहे, हे कळल्यावर आपला ‘घरफोडी’ हा शब्द त्याला किती चपखल बसतो, याची मला गंमत वाटली. त्यानंतर प्रत्येकाने गेल्या महिन्यात ज्या विचाराने झोप लागली नाही, तो विचार कागदावर लिहायचा होता. कागद कोणालाही दाखवायचा नव्हता. मी लिहायला घेतले आणि लक्षात आले की मी मनातल्या मनात साजाची एकवीस पाने मोजत होते. सोन्याचा भाव उतरावा म्हणून रात्रीच्या प्रार्थनेत मी देवाला गळ घातली होती, तीही तेव्हाच आठवली.

फिलिप्पैकरांस पत्रातील स्वर्गीय नागरिकत्वाचा भाग मात्र घाईत उरकला. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती आणि मासेदोनियात राहूनही तेथील नागरिक रोमचा कायदा व मान मिरवत, एवढे सांगून वेळ संपली. पुण्यात वीस वर्षे काढूनही स्वतःला कोल्हापूरकरच म्हणवणाऱ्या आमच्या दिरांचे उदाहरण मी देणार होते, ते राहून गेले.

खरी तक्रार पाचव्या बुधवारची आहे. त्या दिवशी बोलावलेल्या पाहुण्या वक्त्यांनी दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला, दिल्यावर आपला धंदा कसा दुपटीने वाढला, याची साक्ष तासभर दिली. चार आठवडे जे मन लोभातून सोडवायचा प्रयत्न चालला होता, ते त्यांनी तासाभरात पुन्हा तिथेच नेऊन बांधले. संयोजकांनी त्यांना आवरायला हवे होते. पुस्तिकेचे टंक ज्येष्ठांना वाचता येऊ नये इतके बारीक आहेत आणि मागच्या मुखपृष्ठावर एका नव्या गृहप्रकल्पाची रंगीत जाहिरात आहे. चहा मात्र चांगला होता.

तरीही पुढच्या वर्षी हेच पाळकसाहेब शिकवणार असतील, तर मी जाईन आणि वहिनींनाही नेईन. ध्वनिक्षेपक खरखरतो, म्हणून जाणाऱ्यांनी पुढच्या दोन रांगांतच बसावे. साज अजून गुजरीतच आहे. सोनाराने सोमवारचा वायदा केला आहे.