ग्रँट शोधायची कुठे? विकतचा डेटाबेस, फुकटचं न्यूजलेटर, सरकारी पोर्टल की माणसं

आमच्या कॉलेजच्या रिसर्च कमिटीत मागे विषय निघाला, की ग्रँट, म्हणजे संशोधनाला मिळणारं अनुदान, शोधायचा एखादा डेटाबेस विकत घ्यायचा का. एकाचं म्हणणं नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या वेळी दाखवायला बरं पडेल, दुसऱ्याचं म्हणणं गूगल आहे की, पैसे कशाला घालवायचे. मीटिंग चहावर संपली. बाहेर आल्यावर नवीन लागलेल्या दोघातिघांनी मला गाठलं, मॅडम तुम्ही कुठे बघता हो? जिन्यात उभ्या उभ्या जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितेय. मी केमिस्ट्रीवाली, अनुदानित कॉलेजातली, त्यामुळे बोलणं सायन्सच्या अंगाने जाणार, आर्ट्सवाल्यांनी सांभाळून घ्या.

आधी विकतचं बघू कारण वाद त्यावरच होता. पिव्हट, रिसर्च प्रोफेशनल ही त्यातली मोठी नावं. वर्गणी संस्थेने भरायची, मग तुम्ही आपला विषय, कीवर्ड टाकून ठेवायचे आणि मेलवर कॉल, म्हणजे अर्ज मागवल्याच्या सूचना, येत राहतात. माझी एक मैत्रीण अमेरिकेत युनिव्हर्सिटीत आहे, तिने तिच्याकडचा डेटाबेस स्क्रीन शेअर करून दाखवला, आणि खरं सांगते, हेवा वाटला. एवढ्या फाउंडेशन्सची नावं मी जन्मात ऐकली नव्हती. मग मी म्हटलं आता अर्जदार भारतातल्या कॉलेजातला असं लाव. ती लांबलचक यादी बघता बघता आक्रसली. उरलं त्यात प्रवासाचे पैसे, फेलोशिप, आणि तिकडचा पार्टनर असेल तरच चालणाऱ्या स्कीम. म्हणजे डेटाबेस वाईट नाही, तो ज्यांच्यासाठी बनवलाय त्यांच्यात आपण बसत नाही एवढंच.

आणि परदेशी पैशातला मोठा भाग फुकटातच दिसतो की. अमेरिकन सरकारी ग्रँट सगळ्या ग्रँट्स डॉट गव्हवर असतात, युरोपियन युनियनचं स्वतःचं पोर्टल आहे, लॉगिन न करता वाचता येतं. फक्त होरायझन युरोप या त्यांच्या संशोधन कार्यक्रमाचा अब्जावधी युरोचा आकडा वाचून हुरळून जाऊ नका, त्यात भारतातल्या संस्थेला आपोआप पैसे मिळत नाहीत, कन्सॉर्शियममधे, म्हणजे अनेक संस्थांच्या गटात, घेतलं तरी आपला खर्च बहुतेक आपणच बघायचा. त्यातली मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप मात्र कुठल्याही देशाच्या माणसाला खुली असते, पीएचडीनंतर साधारण ८ वर्षांच्या आत हवी, पण ती घेऊन तुम्ही तिकडे जाणार, कॉलेजात काही येणार नाही. शिवाय आपलं कॉलेज खाजगी ट्रस्टचं असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन, आहे का ते आधी ऑफिसात विचारा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. हे रजिस्ट्रेशन नसेल तर डेटाबेसमधल्या अर्ध्या गोष्टी नुसत्या बघण्यापुरत्या.

फुकटच्या न्यूजलेटरमधे माझ्या बघण्यात सगळ्यात कामाचं इंडियाबायोसायन्स. नाव बायोचं आहे पण तिथल्या ग्रँटच्या यादीत आपल्याकडच्या मोठ्या एजन्सींचे कॉल असतात आणि शेवटची तारीख सोबत असते, त्यामुळे केमिस्ट्रीवाल्यांनीही मेल लावून ठेवायला हरकत नाही. केंद्र सरकारचं इंडिया सायन्स टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन पोर्टलही आहे, कुठल्या मंत्रालयाच्या काय काय स्कीम आहेत याचा एकदा अंदाज घ्यायला बरं. रोज उघडायची गरज नाही. न्यूजलेटरचा तोटा एकच, ते कळवतं पण आपण त्यात बसतो का ते सांगत नाही, आणि दोन ओळी वाचून माणूस उगाच कामाला लागतो.

आता पोर्टल. इथे जरा थांबते कारण माझी स्वतःची फजिती इथलीच.

मी लागले तेव्हा सर्ब होतं, केंद्र सरकारचं विज्ञान संशोधनाला पैसे देणारं मंडळ. सर्बची स्टार्टअप रिसर्च ग्रँट होती, २ वर्षांसाठी ३० लाखांपर्यंत, पण अट अशी की पहिल्या कायम नोकरीला लागून २ वर्षं व्हायच्या आत अर्ज करायचा. मला ती स्कीम माहीत होती!! व्हॉट्सअॅपवर तीनदा आली होती, मी स्टार करून ठेवली होती, विचार केला की आधी दोन पेपर होऊ देत, वर्कलोड जरा कमी होऊ दे, मग भरू. जेव्हा शांतपणे बसून पीडीएफ उघडली तेव्हा मला २ वर्षं ४ महिने झाले होते. अट तिसऱ्या पानावर, साध्या वाक्यात लिहिलेली. दोष कुणालाच देता येत नाही.

म्हणून पोर्टलचा फायदा हा, की तिथे मूळ पीडीएफ असते. वयाची अट, नोकरीची वर्षं, पगार कुठून होतो, एकाच वेळी किती प्रोजेक्ट चालतात, सगळं तिथेच. तोटा हा की नावं बदलत राहतात. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, सर्ब त्यात विरघळलं, आणि जुन्या स्टार्टअप ग्रँटच्या जागी आता पंतप्रधानांच्या नावाची अर्ली करिअर ग्रँट आहे, ३ वर्षं, ६० लाखांपर्यंत, सर्वसाधारण गटाला वयाची मर्यादा ४२. जुनी कोअर रिसर्च ग्रँट आता अॅडव्हान्स्ड म्हणून येते. सीनियर लोक अजून जुन्या नावानेच बोलतात आणि नवीन पोरं तेच नाव सर्च करून बंद पडलेल्या पानावर पोचतात. तसंच यूजीसीच्या मायनर-मेजर रिसर्च प्रोजेक्टचं. अजूनही दर वर्षी कोणीतरी विचारतंच, मायनर कधी निघणार? अहो ते कधीच मागे पडलं, आता यूजीसीकडे नवीन लागलेल्यांसाठी १० लाखांपर्यंतची ग्रँट आहे, ती बघा.

पोर्टल किती, तर रोज फिरायचं म्हटलं तर दिवस जाईल. विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचं डीएसटी वेगळं, जैवतंत्रज्ञानाचं डीबीटी वेगळं, वैद्यकीय संशोधनाचं आयसीएमआर वेगळं, इस्रोचं रिस्पॉन्ड वेगळं. सोशल सायन्सवाल्यांना आयसीएसएसआर ही त्यांच्या विषयांची संशोधन परिषद, आणि तिचं पश्चिम विभागाचं केंद्र कलिनाला मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे, मुंबईला गेलात तर प्रत्यक्ष जाऊन विचारता येतं हा सायन्सवाल्यांना नसलेला फायदा. मी तीनच बुकमार्क ठेवलेत आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी बघते. बास होतं.

माणसांबद्दल आता. व्हॉट्सअॅप ग्रुपला नावं ठेवायची फॅशन आहे, आणि ठेवावीत अशीच परिस्थिती आहे, 'लास्ट डेट १५ मे' असा फॉरवर्ड येतो, वर्ष लिहिलेलं नसतं, चौघं हात जोडून थँक्यू सर म्हणतात आणि मग कळतं की गेल्या वर्षीचा. पण काही पैसा असा आहे जो माणसाशिवाय मिळतच नाही. बीआरएनएसचं घ्या. अणुऊर्जा खात्याचा पैसा, पण प्रपोजलमधे बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) किंवा त्या खात्याच्याच दुसऱ्या युनिटमधला शास्त्रज्ञ सहकारी म्हणून लागतो. टेअर स्कीममधे आपल्यासारख्या कॉलेजातल्या शिक्षकाने आयआयटी, सीएसआयआर लॅब अशा ठिकाणी जाऊन वर्षातले निदान ९० दिवस काम करायचं, वर्षाला ५ लाख रिसर्चसाठी, पण तिथला मेंटर आधी हो म्हणायला हवा. भारत-फ्रान्सच्या एकत्र संशोधनाला पैसे देणाऱ्या सेफिप्राला फ्रेंच पार्टनर हवा. हा मेंटर, हा पार्टनर कुठल्या सर्चमधून निघणार? माझा बीएआरसीवाला सहकारी मला एका कॉन्फरन्सच्या जेवणाच्या रांगेत भेटला, माझं पोस्टर त्यांनी वाचलं होतं आणि एक चूक दाखवली होती. पुण्यामुंबईवाल्यांना हे सोपं जातं, गडहिंग्लज किंवा चोपड्याच्या माणसाला नाही, हे मान्यच. त्यांनी वर्षातून एक कॉन्फरन्स तरी स्वतःच्या खर्चाने करावी, त्या वर्गणीपेक्षा स्वस्तच पडेल.

विद्यापीठाच्या छोट्या ग्रँट राहिल्या. रक्कम बघून लोक नाक मुरडतात. मी म्हणते पहिली तीच घ्या. कोटेशन मागवणं, स्टॉक रजिस्टर, सीएची सही, शेवटी पैसे कशावर खर्च झाले त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, हे सगळं आपण आणि आपलं ऑफिस दोघंही तिच्यावर शिकतो. आमच्या हेडक्लार्कभाऊंनी त्या सर्टिफिकेटचा जीएफआर १२-ए हा सरकारी नमुना माझ्या छोट्या प्रोजेक्टमुळे पहिल्यांदा बघितला, मोठी ग्रँट आली तेव्हा त्यांनीच मला सांगितलं मॅडम व्याजाची रक्कम वेगळी दाखवा. राज्याचं राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगही आहे, स्थानिक प्रश्नावर काम असेल तर तिकडे बघावं, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठाचं केंद्र त्यांच्याच मदतीने उभं राहिलंय.

एक गोष्ट मात्र कुठलाही मार्ग निवडलात तरी चुकत नाही, ती म्हणजे संस्थाप्रमुखांच्या सहीचं पत्र. लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, गोल शिक्का. मी एकदा सगळं अपलोड करून बसले होते, पोर्टल ५ वाजता बंद होणार, आणि प्राचार्य सर विद्यापीठात मीटिंगला. शिपाईमामा फाईल घेऊन मोटरसायकलवर गेले, तिथल्या पार्किंगमधे सही घेतली, मोबाईलवर फोटो पाठवला, तो स्कॅन म्हणून चढवला ४ वाजून ५० मिनिटांनी. कॉल मला महिनाभर आधी कळला होता, बरं का.

तर कमिटीला मी लिहून दिलं की डेटाबेस आत्ता नको. ज्या विद्यापीठात परदेशी करार चालू आहेत, एफसीआरएची भानगड सुटलेली आहे आणि रिसर्च सेलला एक पूर्ण वेळ माणूस आहे, त्यांनी जरूर घ्यावा, आधी ट्रायल मागून. तीसेक शिक्षकांच्या कॉलेजने न्यूजलेटर लावावं आणि दोन-तीन पोर्टल वाटून घ्यावीत. नोकरीला २ वर्षंही झालेली नसतील तर बाकी सगळं सोडून आधी नवीन लागलेल्यांच्या स्कीमच्या पीडीएफ वाचा, त्या दारातून आत जायची मुदत असते.

आम्ही सध्या एक गूगल शीट केलीय. स्कीमचं नाव, तारीख, कोण बसतं, कोणी बघायचं. त्यात मी एक कॉलम वाढवलाय, प्रत्येक नवीन शिक्षकाची जॉइनिंग डेट, आणि त्यापुढे २ वर्षं कधी होतात ते. फिजिक्सच्या एकाच्या नावापुढचा चौकोन या आठवड्यात पिवळा झालाय, त्याला उद्या स्टाफरूममधे गाठायचंय.