बडोद्यातले ‘दरबारी’ मंडप: पन्नास हजार, दोन लाख आणि सहा लाखांत काय हाती लागते

बडोद्यात लग्नाच्या सजावटीची चौकशी करायला गेले, की ‘दरबारी’ किंवा ‘पॅलेस’ थीमचा अल्बम समोर येतोच. बहुतेक चित्रांत राजस्थानी झरोके, मुघली जाळी आणि लक्ष्मी विलासचे घुमट एकाच चौकटीत कोंबलेले असतात. खुद्द लक्ष्मी विलास पॅलेसमध्येही शैलींची सरमिसळ आहे. मेजर मँट या वास्तुविशारदाने आरंभलेले आणि त्याच्यामागून चिझम या वास्तुविशारदाने 1890 मध्ये पुरे केलेले ते काम आहे. पण तिथे ती सरमिसळ पेलायला अख्खा राजवाडा आहे. चोवीस फुटांच्या स्टेजवर तिचा नुसता पसारा होतो.

मराठी लग्नाच्या मंडपाला जवळचा नमुना शहरातच उभा आहे: रावपुऱ्यातला भाऊ तांबेकरांचा वाडा. लाकडी खांब, महिरपी, भिंतभर चित्रे, आणि सगळे माणसाच्या मापाचे. मंडप हा वाड्याच्या दिवाणखान्यातला एक खण, म्हणजे चार खांबांमधली जागा, आहे असे समजून चालले, तर तिन्ही बजेटांत काय घ्यायचे आणि काय सोडायचे ते आपोआप ठरते. पुढचे तिन्ही प्रकार याच कसोटीवर तपासले आहेत. बजेट फक्त सजावटीचे आहे, त्यात हॉल आणि जेवण धरलेले नाही.

पन्नास हजारांत थर्माकोलच्या कमानींचा सेट देऊ करतात. तो घेऊ नये. तीन हातांवरूनही त्याच्या कडा कापलेल्या दिसतात, आणि लाजाहोम व सप्तपदी त्याच मंडपात व्हायची असते. थर्माकोल आगीजवळ आधी मऊ पडतो आणि मग पेट घेतो. त्याऐवजी साधा चार खांबी लाकडी मंडप घ्यावा, सांगाडा बारा फूट बाय बारा फूट. दहा बाय दहा कागदावर पुरतो, पण वधूवर, गुरुजी, आंतरपाट धरणारे दोघे, पाठीशी मामा आणि कोपऱ्यात घुसलेला फोटोग्राफर यांनी तो भरून जातो.

फुलांचा हिशेब आधी मांडून ठेवावा, कारण सजावटवाला ‘भरपूर फुले’ एवढेच लिहून देतो. मध्यम आकाराचा झेंडू किलोला साधारण दीडशे येतो. दाट ओवला तर फुटाला दहा-बारा फुले लागतात, म्हणजे एका किलोत बारा ते पंधरा फूट सर होते. चार खांबांना नऊ फुटी चार-चार सरी म्हणजे 144 फूट. त्याला अकरा-बारा किलो लागतो, आणि कुजका-तुटका धरून तेरा किलो सांगावा. सरी आदल्या रात्री ओवून ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केल्या तर आत वाफ धरते आणि सकाळपर्यंत देठाकडून काळ्या पडतात. समोरच्या बाजूला फुलांचा पडदा मात्र नको. तो फोटोत छान दिसतो, पण अक्षता त्यातच अडकतात आणि वधूवरांपर्यंत पोहोचत नाहीत.

मागच्या पडद्याच्या कापडात सगळ्यात जास्त काटकसर होते, आणि दिसूनही येते. वीस फूट रुंद, दहा फूट उंच पडद्याला नीट चुण्या हव्या असतील तर दुप्पट, म्हणजे चाळीस फूट कापड लागते. 44 इंची पन्ह्याचे अकरा पट्टे, प्रत्येकी शिवणीसह अकरा फूट: 121 फूट, साधारण 37 मीटर. वीस मीटरमध्ये भागवलेला पडदा चादरीसारखा ताणलेला दिसतो आणि मागचे पाइप उमटतात. मग दोन मोठ्या समया, आंब्याच्या पानांचे तोरण, लोड-तक्के आणि एक गालिचा. पन्नास हजारांचा हा मंडप पुढच्या दोन लाखांच्या कित्येक मंडपांपेक्षा जास्त देखणा होतो, हे माझे ठाम मत आहे.

दोन लाखांत फायबरचा सेट येतो: आतून पोकळ खांब, लोखंडी चौकट, वर महिरप. इथे पहिली चूक मापाची. महिरपीची वळणे सहा फुटांवरच सुरू होतात, आणि फेटा बांधलेल्या नवरदेवाच्या डोक्यावर कमान टेकल्यासारखी वाटते. वळण किमान साडेसात फुटांवर सुरू व्हावे, टोक साडेदहा-अकरा फुटांवर यावे. खांब सुरूच्या झाडासारखा वर निमुळता असावा. खाली-वर एकाच जाडीचा खांब कितीही सोनेरी रंगवला तरी पाइपच वाटतो. दुसरी चूक सोनेरी रंगाचीच. सेट चारही बाजूंनी चकचकीत सोनेरी असतो. खांब काळपट सागवानी रंगात आणि सोनेरी फक्त महिरपीला लोंबणाऱ्या केळफुलाच्या आकाराच्या लोलकांवर आणि कमानीच्या कडेला, एवढे रंगकाम मागून घ्यावे. मॅट रंग हवा, चमकदार नको. दोन अर्ध्या भागांचा सांधा मागच्या बाजूला फिरवून उभा करायला सांगावा आणि तो पुट्टीने भरलेला आहे का ते गोदामात जाऊन पाहावे.

लॉनवर लग्न असेल तर खांबाच्या तळाशी दीड फुटी लोखंडी पाटा आणि त्यावर वाळूच्या पोत्यांचे वजन हवे. संध्याकाळच्या वाऱ्यात पोकळ फायबर हलते, आणि ओल्या हिरवळीत एक खांब इंचभर जरी खचला तरी अख्खी महिरप तिरकी होते.

या बजेटात संखेड्याचे फर्निचर भाड्याने घ्यावे, तेही थोडेच: दोन खुर्च्या आणि एक बाजठ (बुटका चौरंग). संखेडा गाव आता छोटा उदेपूर जिल्ह्यात येते. तिथले खरादी सागवान खरादावर, म्हणजे लेथवर, उतरवतात, कथिलाच्या रंगाने नक्षी काढतात आणि वर लाखेचा थर चढवतात. त्या थरामुळे कथिलाचा चंदेरी रंग सोन्यासारखा दिसतो. भाड्याच्या फेऱ्यांत सांधे सैल होतात, म्हणून प्रत्येक खुर्चीवर बसून, हलवून घ्यावी. लाख उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटने विरघळते. त्यामुळे खुर्च्या होमकुंडापासून दूर ठेवाव्यात, त्यांवर तापलेला दिवा टेकू नये, आणि पाहुण्यांवर स्पिरिटचे फवारे उडवणाऱ्या अत्तराऐवजी गुलाबपाणी ठेवावे. डाग पडला तर भरपाई तुमच्या अनामतीतून कापली जाते.

सहा लाखांत सुतारकाम करून घेता येते, आणि मोह होतो तो लक्ष्मी विलासचा दरबार हॉल उभा करण्याचा. रंगीत काचा, मोझॅकची फरशी आणि झुंबरे यांपैकी फार तर एक गोष्ट निवडावी. विनायलवर छापलेले मोझॅक पायाखाली सुरकुतते आणि दिव्याखाली चमकते. रंगीत काच निवडली तर ॲक्रिलिकच्या पट्ट्यांमागे दिवे लावून तीच एक भिंत पुरते. उरलेला पैसा खऱ्या लाकडाच्या महिरपीत घालावा. झुंबर हवेच असेल तर ते मंडपाच्या चौकटीला कधीच टांगू नये. त्याला वेगळा ट्रस, म्हणजे धातूचा स्वतंत्र सांगाडा, लागतो, आणि खालचे टोक जमिनीपासून नऊ फुटांच्या वर राहील हे बघावे.

होमावरच्या चांदणीबद्दल, म्हणजे कापडी छताबद्दल, तिन्ही बजेटांत एकच सांगणे. साटीन किंवा नेट अजिबात नको, ते वितळून खाली टपकते. सुती कापड, दहा फुटांवर, आणि बरोबर होमकुंडाच्या वर तीन फुटी मोकळी जागा. धूर तिथून गेला नाही तर सप्तपदीच्या वेळी डोळे चोळणारे वधूवर फोटोत कायमचे राहतात.

दिवे 2700 ते 3000 केल्विनचेच, म्हणजे पिवळसर उजेडाचे, मागावेत. 6500 चा पांढरा दिवा सोनेरी रंगाला हिरवट करतो आणि सागवानाला राखाडी. गोरज मुहूर्त असेल तर दिव्यांची तपासणी दुपारी उरकून घेऊ नये. विधी उजेडात सुरू होतो आणि अंधारात संपतो, म्हणून आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून पुरता अंधार पडेपर्यंत दिवे लावून पाहावेत. जनरेटरवर बदलताना किती सेकंद अंधार होतो तेही त्याच वेळी मोजून घ्यावे, आणि समया त्याआधी पेटलेल्या ठेवाव्यात.