लंडनमधील घर-परवान्यांची सार्वजनिक नोंदवही : खोली घेण्याआधी उत्तम, नंतर अपुरी

दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास महाराष्ट्रातून शिकायला येणारी मुले पूर्व लंडनमध्ये खोली शोधू लागतात आणि त्यांतली कितीतरी जण फोटो पाहून, ओळखीच्या कुणाच्या शब्दावर, पुण्या-नाशकात बसूनच अनामत रक्कम भरतात. पैसे पाठवण्याआधी त्यांनी दहा मिनिटे काढून काउन्सिलची, म्हणजे त्या भागाच्या पालिकेची, परवाना नोंदवही पाहावी, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

इंग्लंडमध्ये २००४ च्या हाउसिंग ॲक्टनुसार, वेगवेगळ्या कुटुंबांतली मिळून पाच किंवा अधिक माणसे ज्या घरात स्वयंपाकघर वा न्हाणीघर सामाईक वापरून राहतात, त्या घराला काउन्सिलचा परवाना लागतो. अशा घराला इथे सगळे एचएमओ म्हणतात. पूर्वी ही सक्ती तीन किंवा अधिक मजल्यांच्या घरांपुरती होती. १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. काही काउन्सिलांनी लहान घरांनाही परवाना लागू केला असून, आपल्या संपूर्ण हद्दीसाठी अशी योजना १ जानेवारी २०१३ पासून अमलात आणणारे पूर्व लंडनमधले न्यूहॅम हे इंग्लंडमधले पहिले काउन्सिल.

दिलेल्या परवान्यांची नोंदवही लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवणे काउन्सिलवर बंधनकारक आहे आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत. परवाना कोणाच्या नावावर आहे, तो कधी संपतो आणि घरात जास्तीत जास्त किती माणसे राहू शकतात, हे तिच्यात कळते. सोय मात्र सर्वत्र सारखी नाही. कुठे पत्ता टाकताच नोंद समोर येते, कुठे लांबलचक तक्ता उतरवून त्यात आपली गल्ली शोधावी लागते. तरीही माझ्या मते एवढी उपयोगी आणि एवढी कमी वापरली जाणारी दुसरी सरकारी सेवा या शहरात नसावी.

माझ्या भाच्याने ती आधी पाहिली नाही, आणि मीही त्याला सांगितले नाही, याची मला आजही खंत वाटते. त्याच्या घराला परवाना होता, पण तो पाच जणांचा; प्रत्यक्षात तिथे सात मुले राहत होती. जिन्याखालच्या उताराला लागून असलेली त्याची खोली मी टेपने मोजली. एका प्रौढ माणसाच्या झोपण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण सत्तर चौरस फूट, असावे लागते आणि छत दीड मीटरपेक्षा खाली असलेला भाग त्यात धरायचा नसतो. तो भाग वगळल्यावर खोली नियमात बसतच नव्हती. स्वयंपाकघराला आगरोधक दार नव्हते आणि जिन्यातली धुराची घंटा बंद पडलेली होती. रात्री कुणाचे तेल पेटले असते, तर वरच्या मजल्यावरच्या मुलांना उतरायला तोच एक जिना होता.

तक्रारीची पोच काउन्सिलने त्याच दिवशी दिली. अधिकारी आला पाच आठवड्यांनी, आणि तोही मालकाला आगाऊ कळवून, त्यामुळे आदल्या रात्री दोन गाद्या घराबाहेर गेल्या होत्या. इथे एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. घराच्या सर्वसाधारण पाहणीसाठी किमान २४ तासांची सूचना द्यावी लागते, परंतु परवान्याच्या अटी मोडल्याच्या गुन्ह्याचा संशय असेल, तर अधिकाऱ्याला सूचना न देता येता येते. म्हणून तक्रारीत केवळ ‘घर असुरक्षित आहे’ असे न लिहिता, परवाना किती जणांचा आहे आणि राहतात किती, हे पहिल्याच ओळीत लिहावे.

अधिकारी स्वतः सौजन्याने वागला, त्याने दार आणि घंटा दोन्ही बदलायला लावली, आणि त्या घरात आज राहणारी मुले त्यामुळे अधिक सुरक्षित आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. पण लहान खोली बंद झाली तेव्हा बाहेर पडावे लागले ते माझ्या भाच्याला, परीक्षेच्या तोंडावर. मालकाला एक पत्र मिळाले आणि भाडेकरूची खोली गेली, हा या अंमलबजावणीतला सर्वांत मोठा दोष मी मानतो. तक्रार केली तर राहायचे कुठे, या भीतीने इतर सहा जण गप्प राहिले होते, आणि त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

ज्या घराला परवाना लागतो पण घेतलेलाच नाही, तिथे भाडेकरूच्या हाती अधिक बळ असते. तो प्रॉपर्टी न्यायाधिकरणाकडे भाडे परत मागू शकतो. आजवर ही रक्कम जास्तीत जास्त १२ महिन्यांच्या भाड्याएवढी होती आणि २०२५ मध्ये संमत झालेल्या रेंटर्स राइट्स ॲक्टने ती मर्यादा २४ महिन्यांवर नेली आहे. त्यासाठी भाडे बँकेतून दिल्याची नोंद जपावी आणि रोख देणे टाळावे. आमच्या घराला परवाना होता, त्यामुळे हा मार्ग आम्हाला उपयोगी पडला नाही.

नोंदवहीला मी पाचपैकी चार गुण देईन, तपासणीला दोन. भाच्याची नवी खोली इलफर्डला आहे. या वेळी अनामत रक्कम भरण्यापूर्वी आम्ही दोघांनी नोंद पाहिली, माणसे मोजली आणि टेप सोबत नेली.