मेथोट्रेक्झेट : आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीचा नऊ महिन्यांचा अनुभव

सकाळी उठल्यावर माझ्या दोन्ही हातांची बोटे तास-दीड तास मिटतच नसत, नळ सोडायलाही मनगट लावावे लागे आणि पोळ्या लाटणे तर घरच्यांनी माझ्याकडून काढूनच घेतले होते. पहिले पाच महिने मी हे सारे वयाचे दुखणे समजून वेदनाशामक गोळ्यांवर काढले, आणि त्या महिन्यांची हळहळ आजही वाटते. अँटी-सीसीपी ही या आजाराची खूण शोधणारी रक्तचाचणी पॉझिटिव्ह आल्यावर संधिवाततज्ज्ञांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे निदान केले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. वेदनाशामकाने ठणका कमी होतो, पण सांध्याची झीज चालूच राहते. मेथोट्रेक्झेट त्या झिजेलाच आवर घालते.

माहितीपत्रकात कर्करोगाचा उल्लेख वाचून मी घाबरले आणि पहिला आठवडा गोळी घेतलीच नाही. कर्करोगात हे औषध बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात, तर संधिवातात आठवड्याला साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम पुरतात आणि अमेरिकेत या आजारासाठी त्याला 1988 पासून मान्यता आहे, हे डॉक्टरांनी समजावल्यावर धीर आला.

मला दर रविवारी रात्री 15 मिलिग्रॅम घ्यायचे होते. एकदा मात्र औषधाच्या दुकानातून मिळालेल्या पाकिटावर सवयीने ‘रोज रात्री’ असे लिहिलेले होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फक्त रविवारी’ असे ठळक लिहिले होते म्हणून मी बचावले, कारण हे औषध रोज घेतले गेले तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेचे काम मंदावते आणि रुग्ण दगावूही शकतो. ज्यांच्या घरी वयस्कर माणसे ही गोळी घेतात, त्यांनी वार पूर्ण अक्षरांत लिहून घ्यावा आणि ही गोळी रोजच्या औषधांच्या डबीत ठेवूच नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिले सहा आठवडे काहीच फरक जाणवला नाही. तोवर डॉक्टरांनी कमी मात्रेत स्टेरॉइड दिले होते, ते पुढे हळूहळू बंद केले. दहाव्या आठवड्यानंतर सकाळचा ताठरपणा वीस मिनिटांवर आला आणि आता तो जेमतेम पाच मिनिटे टिकतो. सोमवारी मळमळते, केसही थोडे गळाले. बुधवारी फॉलिक ॲसिड घेऊ लागल्यापासून मळमळ पुष्कळ कमी झाली. सुरुवातीला दर महिन्याला आणि आता तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्या कराव्या लागतात. गोळ्यांपेक्षा त्यांचाच खर्च अधिक आहे, पण त्या चुकवण्यासारख्या नाहीत.

उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा सांधा मात्र क्ष-किरण चित्रात आधीच झिजलेला दिसला होता. तो या औषधाने भरून येणार नाही. पूर्ण झिजलेल्या गुडघ्याला किंवा खुब्याला शेवटी सांधेबदलाची शस्त्रक्रियाच लागते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. सध्या मी चार-पाच पोळ्या सलग लाटू शकते; पुढच्या तपासणीपर्यंत मात्रा आहे तीच ठेवायची आहे.