खुराचा चिमटा: सात महिन्यांच्या वापरानंतर

आधी अपेक्षा जागेवर आणू. घोडा चार दिवस लंगडतो, आपोआप सुधारतो, पंधरवड्याने पुन्हा तेच. अशा वेळी खूर दाबून दुखरी जागा शोधायचा हा चिमटा एवढंच सांगतो, की दुखणं खुरात दिसतंय का आणि दिसत असेल तर नेमकं कुठे. तरीही घ्यावा. पुढच्या पायाचं लंगडणं बहुतेकदा खुरातच निघतं आणि लोक मात्र खांद्याला तेल चोळत बसतात.

आधी पाय ठरवा. कडक, सपाट जमिनीवर, दोर सैल सोडून दुलकी चालवा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. चिमटा मात्र आधी चांगल्या पायाला लावायचा, म्हणजे त्या घोड्याला साधा दाब कितपत चालतो ते कळतं.

खुराचा तळ खरवडून साफ करा. चिमट्याचा एक जबडा तळावर, दुसरा खुराच्या बाहेरच्या भिंतीवर. एका टाचेपासून दर 2-3 सेंटीमीटरवर दाबत दुसऱ्या टाचेपर्यंत. मग मधला मऊ त्रिकोण, शेवटी दोन्ही टाचा आडव्या धरून. दाब सावकाश वाढवा, झटका नको. पाय ओढण्याआधी खांद्याचे स्नायू थरथरतात, नजर तिथे हवी. एकदा ओढला तर तो कंटाळाही असू शकतो. त्याच जागी तीनदा ओढला तरच वहीत नोंद करा. नोंद घड्याळाच्या आकड्यांत सोयीची पडते: टोक म्हणजे 12, मग "उजवा पुढचा, 4 वाजता".

खरा फायदा या वहीतून झाला. नाल मारल्यावर एक-दोन दिवसांत लंगडणं आणि दर खेपेला तोच आकडा, तर खिळा आतल्या जिवंत भागाच्या जवळ जातोय. तो खिळा उपसून बघा: टोक ओलं, काळपट आणि वास येत असेल तर आत पू धरलाय. डॉक्टरांना बोलवा आणि धनुर्वाताची लस झाली आहे का तेही तपासा. नालबंदाला तोंडी तक्रार केली की वाद होतो, वही दाखवली की तो खिळ्याची जागा बदलतो.

चिमटा फसतो कुठे? उन्हाळ्यात तळ दगडासारखा होतो, आत पू असूनही घोडा ढिम्म. रात्रभर ओलं फडकं बांधून सकाळी पुन्हा तपासा. उलट तळ पातळ असेल तर घोडा सगळीकडेच दचकतो. माथेरानसारख्या ठिकाणी खडे-फरशांवर रोज चालणाऱ्या घोड्यांत हे लक्षात ठेवावं. टाचेतलं खोल दुखणं तर बऱ्याचदा चिमट्याला सापडतच नाही. चिमटा गप्प राहिला म्हणून खूर निर्दोष ठरत नाही. डॉक्टर टप्प्याटप्प्याने नस बधिर करून जागा शोधतात, मग एक्स-रे. त्या तपासणीआधी स्वतःहून वेदनाशामक देऊ नका, लंगडणंच झाकलं जातं. एकाच जागी पुन्हा पुन्हा पू होत असेल तरीही एक्स-रे हवाच. दोन्ही पुढचे खूर गरम आणि घोट्यामागची नाडी जोरात उडत असेल, तर चिमटा बाजूला ठेवा, घोडा चालवू नका, डॉक्टर त्याच दिवशी हवा.

वस्तूबद्दल: लांब दांड्यांचा घ्या, आखूड दांड्यांनी मनगट दुखतं आणि दाब सारखा राहत नाही. जबड्याचं अंतर बदलता यायला हवं, नाहीतर लहान तट्टाच्या खुरावर घसरतो. सांध्याचा बोल्ट चौथ्या महिन्यात ढिला झाला, पाना जवळ ठेवा. पावसाळ्यात पुसून तेल लावलं नाही तर गंज धरतो.